थायरॉइडची सूज आणि कॅन्सरची भीती : एक जुना हिशेब

सांगवीहून आम्ही बोलतोय, आणि आज बोलायचंय ते गळ्याबद्दल. ठुशी जिथे बसते ना, त्याच जागेबद्दल.

आमच्या गटातल्या एका वहिनींना दिवाळीत ठुशी होईना. दोरा तोच, मणी तेच, गळा मात्र भरलेला. त्यांना आधीपासून थायरॉइडची गोळी चालू आहे, म्हणून आम्ही म्हटलं, अंग सुटलं असेल. मग एका तपासणी शिबिरात त्यांनी रक्त दिलं. जो कागद हाती आला त्यावर ‘अँटी-टीपीओ’ अशा ओळीपुढे मोठा आकडा ठळक छापलेला होता. शिबिरातल्याच कुणीतरी जाता जाता सांगून टाकलं, “याचा पुढे कॅन्सर होतो.” वहिनी तीन रात्री झोपल्या नाहीत. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चाललेली. अशा वेळी सांगायचं तरी कुणाला? शेवटी गटाच्या बैठकीत, सगळ्यांचे हप्ते भरून झाल्यावर, त्यांनी तो कागद पिशवीतून काढला.

त्याच बैठकीला चाकणकडच्या एक मावशी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “एवढं काय घाबरायचं? माझ्या नणंदेच्या गळ्याला चार वर्षं गाठ आहे. थायरॉइडचीच आहे, गोळी चालू आहे. तिने कधी दाखवलीसुद्धा नाही.”

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. एक बाई सुजेलाच कॅन्सर समजून घाबरलेली, दुसरी गाठीला नुसती सूज समजून निवांत. हे दोन्ही समज आले कुठून, हे शोधायला आम्ही निघालो. आम्ही डॉक्टर नाही. वाचलं, आमच्याकडे बोलायला येणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, पुन्हा वाचलं. त्यातून जी गोष्ट हाती लागली ती शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, आणि तिच्यात पहिल्यापासून बायकाच आहेत.

खरं तर गोष्ट त्याहूनही जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड या चार आजारांचा आहे. अर्बुद हा शब्द आजही आपण वाढत जाणाऱ्या गाठीसाठी वापरतो. अपची म्हणजे आपल्या आजीच्या तोंडी असलेल्या गंडमाळेच्या जवळचा आजार. गलगंड तर ठाऊकच आहे. जुन्या वैद्यांनी हे चौघे एका ओसरीवर बसवले, पण चौघांना एकाच नावाने हाक मारली नाही. आम्हाला हे फार शहाणपणाचं वाटलं. कारण पुढे मोठमोठ्या सर्जनांचा घोटाळा झाला तो इथेच.

गंडमाळेबद्दल सांगायचं तर आपल्या सांगवी फाट्याला औंधचं उरो रुग्णालय आहे. जुन्या बायका त्याला अजून ‘टीबीचा दवाखाना’ म्हणतात. मानेला माळेसारख्या गाठी आल्या की त्या पुष्कळदा क्षयाच्या असत, आणि लोक घाबरत ते क्षयाला. म्हणजे गळ्यातल्या गाठीची भीती काही नवी नाही. आज्यांच्या वेळी तिचं नाव क्षय होतं, आपल्या वेळी ते कॅन्सर झालं, एवढंच.

आता ही थायरॉइड ग्रंथी काय करते ते थोडक्यात सांगतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली ती श्वासनळीला बिलगून असते. अंगाची शेगडी किती तेज ठेवायची हे तिच्या रसावर ठरतं. रस कमी पडला की थंडी वाजते, अंग जड होतं, पाळी बिघडते, केस गळतात, काही सुचत नाही. जास्त झाला की छाती धडधडते, हात थरथरतात, खाऊनही अंग झडतं.

ही ग्रंथी किती मोलाची आहे हे माणसाला कळलं ते ती कापून टाकल्यावर. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात थिओडोर कोखर नावाचे सर्जन होते. गलगंडाच्या ऑपरेशनात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण १८८३ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून पाहिलं, तेव्हा ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती त्यांतले बरेच सुजलेले, मंदावलेले, कायम गारठलेले दिसले. त्यानंतर त्यांनी पूर्ण ग्रंथी काढणं टाळलं, आणि १९०९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपली चूक स्वतः शोधून ती जगाला सांगणारा माणूस म्हणून आम्हाला त्यांचं कौतुक वाटतं. मधल्या काळात, १८९१ मध्ये, इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी अशाच रस आटलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती बाई त्यावर पुढे २८ वर्षं जगली आणि तेवढ्या काळात तिला ८७० हून जास्त मेंढ्यांचा अर्क लागला. आज आपण सकाळी उपाशीपोटी जी इवलीशी पांढरी गोळी घेतो, तिच्यामागे एवढा मोठा कळप आहे!

आता सुजेकडे येऊ. १८९६ मध्ये जर्मनीतल्या बर्नहार्ड रीडल या सर्जनने एक विचित्र ग्रंथी नोंदवली. लोखंडासारखी कडक, आजूबाजूला घट्ट चिकटलेली. हाताला लागली की कुणीही म्हणावं, हा कॅन्सरच. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर कॅन्सर नव्हता. आम्ही आज ज्या गोंधळाबद्दल बोलतोय त्याची सुरुवात इथे आहे. बोटांना जे कडक लागतं ते सगळं कॅन्सर नसतं.

त्यानंतर सोळा वर्षांनी जपानमध्ये हकारू हाशिमोटो नावाच्या तरुण सर्जनने चार बायकांच्या ऑपरेशनात काढलेल्या ग्रंथी तपासल्या. चौघी चाळिशी ओलांडलेल्या. चौघींच्याही ग्रंथीत पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी होती. बाहेरून रोग आला की अंगावर झेलणाऱ्या ज्या आपल्या राखणदार पेशी, त्याच इथे आत ठाण मांडून बसलेल्या. असं आधी कुणी लिहिलेलं नव्हतं. हाशिमोटोंनी १९१२ मध्ये जर्मन भाषेत मोठा लेख लिहिला आणि हा वेगळा आजार आहे असं ठामपणे मांडलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ‘ही रीडलच्या आजाराचीच पहिली पायरी,’ असं बरेच जण म्हणत राहिले. हाशिमोटो पुढे शिकायला युरोपात गेले, महायुद्ध पेटलं म्हणून परत आले आणि आपल्या इगा गावी साधे गावडॉक्टर म्हणून राहिले. १९३४ मध्ये ते विषमज्वराने गेले. आपलं नाव जगभरच्या रिपोर्टांवर छापलं जाणार आहे हे त्यांना काही कळलं नाही. १९३१ मध्ये अमेरिकेत हा आजार वेगळा मानला गेला आणि त्याला त्यांचं नाव चिकटलं. वहिनींच्या कागदावरचा तो ठळक आकडा याच आजाराची खूण आहे.

पण राखणदार पेशी तिथे करत काय होत्या? याचं उत्तर यायला आणखी चव्वेचाळीस वर्षं लागली. ते आलं त्यात एका बाईचा मोठा हात होता. डेबोरा डोनियाक. जन्म १९१२, हाशिमोटोंचा लेख आला त्याच वर्षीचा. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात त्या थायरॉइडच्या एका सर्जनबरोबर काम करत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की या रुग्णांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नावाची प्रथिनं फार वाढलेली असतात, आणि ग्रंथी काढली की ती उतरतात. हीच ती प्रथिनं, जी शरीर एरवी जंतूंशी लढायला तयार करतं. मग इथे जंतू कोणता? डोनियाकबाई, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्या रक्तातलं पाणी थायरॉइडच्या अर्काजवळ आणलं तर त्यांचा गोळा झाला. जंतू कुणीच नव्हता. शरीर आपल्याच ग्रंथीशी लढत होतं. हे १९५६ सालचं. तोवर बहुतेक शास्त्रज्ञ मानत होते की शरीर स्वतःवर उलटत नाही. आपल्याकडे मात्र कुंपणच शेत खातं हे बायकांना पूर्वीपासून माहीत आहे.

आणि एक गंमत ऐका. डोनियाकबाईंचे यजमान इस्रायल डोनियाक हेही डॉक्टर होते, आणि त्यांचं काम होतं थायरॉइडमधल्या गाठींवर, उंदरांना किरणोत्सारी आयोडीन देऊन गाठी कशा होतात यावर. म्हणजे एकाच घरात बायको सुजेचा माग काढतेय आणि नवरा गाठीचा. जेवताना काय बोलत असतील, असं आमच्यातल्या एकीने विचारलंच.

आता मुद्द्याचं. सुजेचा आणि कॅन्सरचा संबंध आहे, ही गोष्ट पसरली ती त्याच सुमारास. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डेली, लिंडसे आणि स्काहेन या डॉक्टरांनी ऑपरेशनात काढलेल्या ग्रंथी तपासून लिहिलं की हाशिमोटोची सूज असलेल्या ग्रंथींत कॅन्सर जास्त सापडतो. त्या काळी कडक, वाढलेली ग्रंथी दिसली की बाहेरून ओळखायचा नीट उपाय नव्हता, त्यामुळे पुष्कळदा ऑपरेशनच होई. मग सुजेसाठीच ग्रंथी काढावी का, असा वाद सुरू झाला. त्या वादाचा धागा साठ-सत्तर वर्षांनी सांगवीच्या शिबिरात वहिनींच्या कानापर्यंत आला.

त्यांचं मोजणं खोटं नव्हतं. पण त्यांनी मोजलं कुणाला, हे पाहायला हवं. हे समजायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही, बार्शीला गेलं तरी पुरे.

मुंबईत १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. तिथे येणाऱ्या रुग्णांवरून देशात कुठला कॅन्सर किती याचे अंदाज बांधले जात. पण परळपर्यंत पोचतो कोण? ज्याच्याजवळ गाडीभाडं आहे, ज्याला रजा मिळते, ज्याच्या घरचे न्यायला तयार आहेत तो. न पोचणारी बाई त्या हिशेबात नसतेच. म्हणून १९६३ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने कॅन्सर नोंदवही सुरू केली. डॉ. जस्सावाला यांचं ते काम, आणि देशातली ही असली पहिली नोंदवही. एकाच रुग्णालयातले रुग्ण मोजायचे नाहीत, शहरात जेवढी वस्ती आहे तिच्यातल्या किती जणांना कॅन्सर झाला ते सगळीकडून गोळा करायचं. पुढे पुण्यातही अशी नोंद सुरू झाली. पण खेड्यांचं काय? १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही उघडली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली तीनशेहून जास्त गावं तिच्यात आली. कार्यकर्ते दवाखान्यात बसून राहिले नाहीत. ते गावोगाव फिरले, बायकांशी बोलले, अंगावरून जाणं, गाठ, न भरणारी जखम यांची विचारपूस केली. तेव्हा दिसलं की तिथल्या बायकांत सगळ्यांत वर आहे तो गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. आणि विचारपूस सुरू झाल्यावर बायका आजार वाढायच्या आधी दवाखान्यात येऊ लागल्या. थायरॉइडचा कॅन्सर त्या वहीत फार थोडा.

बार्शीवरून आपल्याला एवढंच घ्यायचंय : दवाखान्याच्या दारात उभं राहून मोजलं तर एक चित्र दिसतं, उंबऱ्या-उंबऱ्याला जाऊन मोजलं तर दुसरं. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या टेबलावर आलेल्या ग्रंथी मोजल्या होत्या. टेबलावर कोण येतं? जिच्या ग्रंथीत काहीतरी संशयास्पद आहे ती. साधी सूज असलेल्या आणि गोळी घेऊन चुलीपुढे बसलेल्या हजार जणी त्या हिशेबात नव्हत्याच.

तो हिशेब पुढे बारीक सुईने बदलला. स्वीडनमध्ये डॉक्टरांनी गाठीत बारीक सुई घालून चार पेशी काढायच्या आणि काचेवर पाहायच्या, ही पद्धत पक्की केली. आता आपल्याकडेही ती सर्रास होते. सुई म्हणजे ऑपरेशन नाही, त्यामुळे साधी सूज असलेल्या बायकाही मोजल्या जाऊ लागल्या. १९८५ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी अशी सूज असलेल्या ८२९ जणांचा मागोवा प्रसिद्ध केला. थायरॉइडचा नेहमीचा कॅन्सर त्यांच्यात जास्त सापडला नाही. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या तिघा संशोधकांनी ठिकठिकाणचे अभ्यास एकत्र केले. ज्या अभ्यासांत सुईने तपासणी झाली होती तिथे हाशिमोटोच्या रुग्णांत कॅन्सर निघाला सुमारे १.२ टक्के. जिथे फक्त ऑपरेशनने काढलेल्या ग्रंथी पाहिल्या होत्या तिथे निघाला २७ टक्क्यांच्या वर. आजार एकच, आकडे एवढे लांब. आम्ही हे दोन आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा वहिनी बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या.

वाद पुरता मिटलाय असं आम्ही म्हणणार नाही. टेबलावर आलेल्या बायकांची आपसांत तुलना केली तरी सूज असलेल्यांत कॅन्सर थोडा अधिक दिसतो. काही डॉक्टर म्हणतात, वर्षानुवर्षं धुमसणारी सूज पेशींना बिघडवत असेल. काही म्हणतात, उलटं आहे, कॅन्सरची गाठ आधी येते आणि तिला घेरायला राखणदार पेशी जमतात. आपण पाहतो ती त्यांची गर्दी. तिसरं म्हणणं टीएसएचचं आहे. ग्रंथी थकली की मेंदूतून तिला ‘चल, ऊठ’ म्हणून हाकारणारा हा रस वाढतो. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांना दिसलं की गाठ असलेल्यांत ज्यांचा टीएसएच जास्त, त्यांच्या गाठीत कॅन्सर निघण्याची शक्यता जास्त. म्हणून गोळी नेमाने घेणं आणि टीएसएच ताब्यात ठेवणं बरं. सूज आणि कॅन्सर दोन्ही एकाच ग्रंथीत असले, तर अशा बायकांचा कॅन्सर बहुधा कमी पसरलेला आणि बरा होणारा असतो, असं पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. कुंपण शेत खातं खरं, पण कधी कधी चोरालाही अडवतं.

एका ठिकाणी मात्र संबंध पक्का आहे आणि तो लपवू नये. लिम्फोमा नावाचा कॅन्सर असतो, तो त्या राखणदार पेशींचाच. थायरॉइडमध्ये तो फार क्वचित होतो. पण होतो तेव्हा बहुतेक वेळा हाशिमोटोची जुनी सूज असलेल्या ग्रंथीतच. स्वीडनच्या त्याच ८२९ जणांत तो मात्र इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त निघाला. तो बहुतेकदा साठीच्या पुढच्या बायकांत दिसतो. त्याची चाल वेगळी असते. वर्षानुवर्षं तशीच असलेली ग्रंथी काही आठवड्यांतच भराभर वाढते, आवाज बसतो, गिळताना अडतं, आडवं झालं की श्वास कोंडतो. असं झालं तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं. त्याला बहुधा ऑपरेशनपेक्षा औषधं आणि किरणं लागतात, पण आधी निदान वेळेत व्हायला हवं.

आणि नणंदेची गाठ? सूज म्हणजे सगळी ग्रंथी भरून येणं. गाठ म्हणजे एका जागी लिंबासारखं, बोरासारखं वेगळं लागणं. गोळी चालू आहे म्हणून गाठीला माफी नाही. सोनोग्राफी करून घ्यायची आणि डॉक्टर म्हणाले तर सुई. धडधड वाढवणारा जो ग्रेव्ह्ज नावाचा आजार आहे त्यालाही हेच लागू. लहानपणी मानेला किरणांचे उपचार झालेले असतील किंवा घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना न विचारताच सांगून टाकायचं.

आता उलट्या टोकाची गोष्ट. ती कोरियाची आहे आणि शिबिरं भरवणाऱ्या सगळ्यांनी ऐकावी अशी आहे. दक्षिण कोरियात १९९९ पासून सरकारने कॅन्सरच्या तपासण्या सुरू केल्या. थायरॉइड त्या यादीत नव्हतं. पण थोडे पैसे जास्त द्या, मानेची सोनोग्राफीही करून देतो, असं दवाखाने सांगू लागले. बायका आल्याच आहेत तर करून घेतल्या. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त निदानं. त्या कॅन्सरने मरणाऱ्यांचा आकडा मात्र होता तिथेच राहिला. म्हणजे सापडत होते ते बहुतेक इवलेसे, कधीच त्रास न देणारे कॅन्सर. फिनलंडच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये इतर कारणांनी वारलेल्या १०१ माणसांच्या ग्रंथी बारीक कापून पाहिल्या होत्या, तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ग्रंथींत असे बारीक कण निघाले. त्या माणसांना जिवंतपणी पत्ताही नव्हता. कोरियात मात्र पत्ता लागला आणि बहुतेकांची ग्रंथी काढली गेली. त्यांतल्या काहींच्या आवाजाच्या नसा दुखावल्या, काहींना कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या लागल्या. शेवटी २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर पत्र काढून उगाच सोनोग्राफी करू नका म्हणून सांगितलं आणि वर्षभरात ऑपरेशनं ३५ टक्क्यांनी उतरली. जपानमध्ये कोबेच्या कुमा रुग्णालयात तर १९९३ पासूनच असे एक सेंटीमीटरच्या आतले कण न कापता नुसते लक्ष ठेवून सांभाळताहेत.

आमच्यात यावरून थोडं वाजलंही. एक जण म्हणाली, “म्हणजे शिबिरं बंद करायची का? आपल्याकडे बायका एरवी दवाखान्याची पायरी चढत नाहीत.” तिचं खरं आहे. बार्शीला विचारपूस केल्याने बायका वाचल्या आणि कोरियात तपासण्यांनी बायका कापल्या गेल्या, हे दोन्ही खरं. फरक असा की बार्शीत जो आजार खरोखर बायकांचा जीव घेत होता त्याची विचारपूस झाली. आमच्या भागातल्या शिबिरांत थायरॉइडचे सगळे आकडे एका पॅकेजात निघतात आणि गर्भाशयमुखाची तपासणी मात्र ‘नंतर’वर जाते. आम्हाला हे उलटं वाटतं, आणि पुढच्या शिबिराच्या आधी आम्ही ते बोलणार आहोत.

मिठाचंही विचारलं गेलं, ते सांगून टाकतो. आयोडीनच्या मिठामुळे थायरॉइड होतं म्हणून खडेमीठ आणणाऱ्या बाया आमच्याकडेही आहेत. आयोडीन कमी असलेल्या भागांतल्या गलगंडासाठी सरकारने १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो हिमालयाच्या पायथ्याकडचे हाल पाहून. पोटुशी बाईला आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. आयोडीन पुरेसं झालं की हाशिमोटोची सूज काही जणींत थोडी जास्त दिसू लागते, हेही खरं आहे. पण तेवढ्यासाठी बाळाचा मेंदू डावावर लावायचा नाही. आणि पुरेसं आयोडीन असलेल्या भागांत थायरॉइडच्या कॅन्सरचा जो प्रकार जास्त दिसतो तो बहुधा सौम्य असतो.

आणि खरोखरच कॅन्सर निघाला तर? परळला टाटा रुग्णालयाच्या आवारातच १९६३ पासून अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. ऑपरेशननंतर ज्यांना गरज असते त्यांना तिथे किरणोत्सारी आयोडीन प्यायला देतात. थायरॉइडच्या पेशी आयोडीन दिसलं की गिळतात, त्या खोडीचाच हा फायदा. शरीरात कुठे चुकार पेशी लपल्या असतील तर त्या ते गिळतात आणि त्यातच संपतात. औषध घेतल्यावर थोडे दिवस वेगळं राहावं लागतं, लेकरांना जवळ घेता येत नाही. आपल्या पट्ट्यातल्या किती तरी जणी हे करून आल्यात आणि आज शिफ्टला जाताहेत, शेत करताहेत. थायरॉइडच्या नेहमीच्या कॅन्सरमधून बहुतेक बायका बऱ्या होतात.

वहिनींचं पुढे असं झालं. त्या आमच्यातल्या दोघींना घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी मानेला हात लावून पाहिलं, सोनोग्राफी सांगितली. ग्रंथी सगळीकडे सारखी भरलेली निघाली, वेगळी गाठ नाही. टीएसएच वाढलेला होता, कारण घाबरल्यापासून त्यांनी गोळीच सोडली होती. ती पुन्हा सुरू झाली. अँटी-टीपीओ परत परत करायची गरज नाही, तो आकडा वरखाली झाला म्हणून उपचार बदलत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं.

मावशींच्या नणंदबाई अजून तयार होत नव्हत्या. कापूस वेचून झाल्यावर बघू म्हणाल्या. मग वहिनीच उठून चाकणला गेल्या. सोबत आपला सोनोग्राफीचा कागद नेला, आणि तो फळ्यावरचे दोन आकडे उतरवून घेतलेला कागदही. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. सोमवारची वेळ घेतली आहे एवढंच कळलं. आणि सोनाराकडे टाकलेली ठुशी आली, दोरा दोन बोटं वाढवून.